आरीकाचा ठिपका

मोकेग्वा, बुधवार, ११ जून २००८

पेर्सी,

आज सहाला उठलो. अंजिराच्या झाडाला पाणी घातलं. दहाला नगरपालिकेत जाऊन मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती आणल्या. दुपारी कालचं सूप गरम करून घेतलं. चारला क्लोरिंदाबाईंच्या इंटरनेटच्या दुकानात गेलो. हे पत्र त्यासंबंधी आहे.

तुझ्या मावशीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक कागद सापडला. त्यावर तिच्या अक्षरात एक लांबलचक पत्ता आणि खाली एक शब्द होता. मला अर्थ लागला नाही म्हणून क्लोरिंदाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "अहो सेबायोस, हा एर्मिनियाबाईंचा ब्लॉग. दर गुरुवारी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लिहायच्या. तीन वर्षं! तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मला ठाऊक नव्हतं. गुरुवारी ती विणकामाच्या वर्गाला जाते असं मला सांगितलेलं होतं.

बसून सगळं वाचलं. एकशे चाळीस नोंदी आहेत. बहुतेक चार-पाच ओळींच्या. "आज अंजीर उतरवले. मागच्या खिडकीची काच बदलली. आबेलार्दोला सर्दी आहे, औषध घेत नाही." सगळं असंच. शेवटची नोंद आठ मेची आहे. नऊ मेला ती गेली.

पहिल्या नोंदीत लिहिलंय की हे पान तू उघडून दिलंस, ती डोळ्यांच्या तपासणीला लिमाला आली होती तेव्हा. क्लोरिंदाबाई म्हणतात की बराच काळ कुणी काही लिहिलं नाही तर असं पान बंद पडतं. हे खरं आहे का? ते पान आहे तसं राहायला हवं. त्यासाठी काय करावं लागतं तेवढं कळव. बाकी काही नको.

निदियाला कळवलं का, असं तुझ्या आईनं परवा फोनवर विचारलं. निदियाचा पत्ता माझ्याकडे नाही. त्या चिलीच्या माणसाबरोबर ती सरहद्दीपलीकडे आरीकाला गेली त्याला नऊ वर्षं झाली. आपली आई गेल्याचं तिला माहीत नाही. हा विषय तुझ्या आईनं काढू नये. तूही काढू नकोस.

आबेलार्दो सेबायोस

*

लिमा, १७ जून

काका, नमस्कार!

दोन हजार आठ साल चालू आहे आणि तुम्ही बसच्या पार्सलमधून पत्र पाठवता! बस-कंपनीच्या माणसानं मला सही करायला लावली. मला वाटलं अंजीर आले. निघालं पत्र! आता तुम्हाला इमेल शिकवण्यात माझं आयुष्य जायचं, त्यापेक्षा मीही छापून बसनंच पाठवतो. सोबत आमच्या संस्थेची पुस्तिका आहे, 'नवशिक्यांसाठी ब्लॉग'. दर शनिवारी मी हाच वर्ग घेतो. वर्गात जागा मिळत नाही, काका. तुम्हाला घरबसल्या मिळतंय.

आता स्पष्ट बोलतो, रागावू नका. मावशीचा ब्लॉग मी उघडून दिला आणि नंतर एकदाच पाहिला. "आबेलार्दोला सर्दी आहे." कोण वाचणार हो? तुम्हाला सर्दी झाली याचं जगाला काय? ब्लॉग म्हणजे दुकान. माणसं आली तर जिवंत, नाहीतर शटर खाली. तेव्हा पान टिकवायचं असेल तर माणसं आणा.

सगळ्यात आधी प्लांतिया बदला. मावशीची फार जुनी झाली आहे, झिजलेली आणि मळकट, बघवत नाही. नुसती प्लांतिया बदलली तरी माणसाला उभं राहावंसं वाटतं. मग शीर्षकं. शीर्षकात आकडा हवा: 'पाच चुका', 'सात युक्त्या'. आकडा दिसला की बोट आपोआप दाबतं. फोटो हवा. आठवड्यातून तीन नोंदी हव्यात. दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जाऊन "छान लिहिलंय, माझ्याकडेही या" असं टाकून यायचं. आणि आपल्याकडे कुणी प्रतिक्रिया दिली तर प्रत्येकाला उत्तर द्यायचं, एकालाही सोडायचं नाही.

आणखी एक. मावशी गेली हे तिथे लिहू नका. मालकीण मेलेल्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाही.

परवलीचा शब्द पाठवा, म्हणजे मीही हात लावू शकेन.

तुमचा,
पेर्सी

*

मोकेग्वा, २८ जून

पेर्सी,

तुझं पत्र आणि पुस्तिका मिळाली. पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या एकेचाळीस चुका आहेत. खुणा करून परत पाठवतोय.

तू सांगितलंस त्यातलं पहिलं काम केलं. तुझ्या मावशीचे बुटांचे तीन जोड होते. दोन मी चर्चला देऊन टाकले होते. काळा जोड राहिला होता, रविवारचा. त्यातल्या तळव्याखालच्या दोन्ही प्लांतिया काढल्या. डावीची टाच झिजली होती, ते तू कसं ओळखलंस कळलं नाही. ओसोरिओ मोच्याकडे नेल्या. त्यानं विचारलं, "कोणासाठी, साहेब?" मी म्हणालो, "बायकोसाठी." तो म्हणाला, "पण बाई तर..." मी म्हणालो, "हो." पायाचं माप त्याच्याकडे होतंच. नव्या चामड्याच्या कापून दिल्या, त्या बुटात घातल्या आणि बूट पलंगाखाली होते तिथे ठेवले. याचा ब्लॉगशी काय संबंध, ते तू लिहिलं नाहीस. लिमात तशी रीत असेल.

शीर्षकात आकडे घालायला सांगतोस. बत्तीस वर्षं मी जलखात्यात नकाशे काढले. जिथे काही मोजलेलं असतं तिथेच आकडा घालतात. तिनं काही मोजलेलं नव्हतं.

अनोळखी माणसांच्या दारात जाऊन "छान आहे, माझ्याकडेही या" म्हणणं हे पूर्वी जत्रेतले लोक करत. त्यांच्या हातात निदान ढोल असायचा.

ती गेली हे तिथे लिहू नका म्हणतोस. लिहिणार नाही. कारण तुझं नाही, माझं आहे.

परवलीचा शब्द: निदिया७६. पान जिवंत राहील एवढंच कर.

आबेलार्दो सेबायोस

*

लिमा, ४ जुलै

काका! काका!

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा खुर्चीवरून पडलो. अहो, प्लांतिया! बुटातला तळवा नव्हे हो! ब्लॉगच्या साच्यालाही प्लांतियाच म्हणतात, त्याचे रंग, चौकट, अक्षरं, सगळं रूप. पायाखालचं नाही, डोळ्यासमोरचं! शनिवारी वर्गात सांगितलं तर चाळीस माणसं पाच मिनिटं हसत होती. एक बाई तर म्हणाल्या, "सर, तुमच्या काकांचा पत्ता द्या, माझ्या नवऱ्याचे बूट पाठवते."

बरं, हसणं पुरे. काम मी केलंय. नवा साचा लावला: जांभळा, कडेला फुलपाखरं उडतात. पान उघडलं की वाजेल असं एक गाणं लावलं. वर घड्याळ. मावशीचा तुमच्या लग्नातला फोटो आईकडे होता, तो सगळ्यात वर टाकला. तुम्ही फार गंभीर दिसत होता, म्हणून तुम्हाला कापलं. जुनी शीर्षकंही बदलली. 'आबेलार्दोला सर्दी' आता 'हट्टी नवऱ्याला औषध पाजण्याच्या सात युक्त्या' आहे. आत युक्ती एकही नाही हे खरं, पण तोवर माणूस आत आलेला असतो ना!

आणि खास तुमच्यासाठी, नकाशेवाल्या माणसासाठी: खाली जगाचा नकाशा लावलाय. जिथून कुणी पान उघडेल तिथे लाल ठिपका उमटतो. आता बघत राहा.

पेर्सी

*

मोकेग्वा, १५ जुलै

पेर्सी,

शनिवारी क्लोरिंदाबाईंच्या दुकानात पान उघडलं. उघडताच गाणं सुरू झालं आणि दुकानातले सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. काळ्या कपड्यातला माणूस आणि पुढ्यात ढोलकी. क्लोरिंदाबाई धावत आल्या. म्हणाल्या, "अहो बंद करा ते! बाईंच्या पानाला सर्कशीचा तंबू कुणी केलं?" मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिमाला राहतो ना? मग बरोबर."

गाणं काढ. फुलपाखरं काढ. घड्याळ काढ, ते पंचवीस मिनिटं पुढे आहे. शीर्षकं तिची होती तशी परत लाव. मी तिच्या नोंदी वहीत उतरवल्या आहेत, त्यामुळे एखादं चुकलं तर मला कळेल. फोटो ठेवायचा तर पूर्ण ठेव, नाहीतर काढ. अर्धा फोटो पोलीस ठाण्यात लावतात.

नकाशा राहू दे.

त्यावर तीन ठिपके आहेत. एक मोकेग्वा, तो मी. एक लिमा, तो तू. एक आरीका. काल परत जाऊन पाहिलं. तिन्ही होते. नकाशाला हात लावू नकोस.

आबेलार्दो सेबायोस

*

लिमा, ३० जुलै

काका,

बसा. बसलात? तीनशे बारा! एका आठवड्यात मावशीच्या पानावर तीनशे बारा माणसं!

तुम्ही म्हणालात ते सगळं काढणारच होतो, पण आधी ऐका. तुमचं आरीका वाचून मला हसू आलं. एक ठिपका बघून तुम्ही भारावलात! अहो, कुणी चिलीवाला आपली पिस्को कशी बनवतात ते शोधता शोधता घसरून पडला असेल. दारू आपली नेली, आता ब्लॉगही नेतील. पण त्यावरून वाटलं, एक येतो तर शंभर का नाही? फक्त माल ताजा हवा. आठ मेनंतर तिथे काहीच नाही. शिळ्या पावाला कोण विचारतो?

म्हणून पंचवीस तारखेला मी मावशीच्या नावानं एक नोंद टाकली. शीर्षक: 'माझ्या म्हाताऱ्यानं प्लांतिया बदलली!' तुमचाच किस्सा, मावशीच्या तोंडी. "अगं बायांनो, माझ्या म्हाताऱ्याला म्हटलं ब्लॉगची प्लांतिया बदला, तर हा गाढव माझे बूट घेऊन मोच्याकडे गेला!" वर्गातल्या चाळिसांना पुढे पाठवायला सांगितलं, त्यांनी आणखी चाळिसांना. खाली एकोणीस प्रतिक्रिया आहेत. मी एकालाही सोडलं नाही. सगळ्यांना एकदम उत्तर जाईल अशी सोय असते, ती वापरली: "धन्यवाद! पुन्हा नक्की या!"

आता तरी म्हणा, पेर्सीला काहीतरी येतं.

पेर्सी

*

मोकेग्वा, ५ ऑगस्ट

पेर्सी,

एकोणीस प्रतिक्रिया आहेत असं तू लिहिलंस. त्या तू वाचल्या नाहीस. वाचल्या असत्यास तर असं पत्र लिहिलं नसतंस, एवढी तरी माणुसकी तुझ्यात आहे असं मी धरून चालतो. अकरावी प्रतिक्रिया खाली उतरवून देतोय.

"आई, दोन महिने तू काही लिहिलं नाहीस. मला फार भीती वाटली होती. घरी फोन केला की बाबा उचलतात, मग मी ठेवून देते. तीनदा केला. आज हे वाचलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून हसले आणि रडले. तू त्यांना कधी म्हातारा म्हणत नाहीस, गाढव तर नाहीच. तुलाही आता कंटाळा आलेला दिसतो! बूट घेऊन मोच्याकडे गेले, खरंच? मग माणूस थोडा मऊ झालाय. आई, मी ठरवलंय. पंचवीस ऑगस्टला तुझी साठी आहे. मी येते. ते दार उघडोत की नाही. दुपारपर्यंत पोचेन. नि."

तिच्याखाली तू उत्तर दिलं आहेस: "धन्यवाद! पुन्हा नक्की या!"

तुझ्या मावशीनं तीन वर्षं ते पान एका माणसासाठी लिहिलं. अंजीर उतरवले, काच बदलली, बापाला सर्दी आहे, हे सगळं एका माणसाला कळावं म्हणून. तू म्हणालास, कोण वाचणार? जिनं वाचायचं ती वाचत होती. तुला तीनशे बारा हवे होते. ते काय करायला येतात? एका बाईनं "ही ही ही" एवढंच लिहिलंय. एकानं खताची जाहिरात टाकली आहे. या लोकांसाठी तू मेलेल्या बाईला बोलायला लावलंस, आणि तेही तुझ्या भाषेत. तिनं उभ्या जन्मात कुणाला गाढव म्हटलं नाही. मी म्हणतो, आणि आत्ता तुला म्हणतोय.

तुझी नोंद काढलेली नाही. ती काढली तर निदियाची प्रतिक्रियाही जाते, असं क्लोरिंदाबाई म्हणाल्या. परवलीचा शब्द त्यांनी बदलून दिला. तू यापुढे तिथे येऊ नकोस. वर्गात काय शिकवायचं ते शिकव.

आबेलार्दो सेबायोस

*

लिमा, ८ ऑगस्ट

काका,

वाचलं. आईला वाचून दाखवलं. तिनं माझ्या थोबाडीत मारली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. बरं केलं.

मी प्रतिक्रिया वाचल्या नव्हत्या. एवढ्या कोण वाचतो? चूक माझी आहे. गाढव म्हणालात, ते मान्य. शनिवारच्या वर्गात हे सांगणार नाही, काळजी करू नका.

पण एक विचारतो. पंधरा जुलैच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, आरीकाला ठिपका आहे, नकाशाला हात लावू नकोस. मी ते वाचून पिस्कोचा विनोद केला, कारण माझं डोकं तिथवर गेलं नाही. तुमचं गेलं होतं. तुम्हाला त्याच दिवशी कळलं ती कोण आहे. पान उघडं होतं, लिहायची जागा होती, शब्द तुमच्याकडे होता. मग तीन आठवडे काय केलंत? रोज जाऊन ठिपका बघितलात?

मी अक्कल नसताना लिहिलं. तुम्ही अक्कल असून लिहिलं नाहीत. मला शिव्या द्यायचा हक्क तुम्हाला आहे, पण त्या देताना जरा खाली बसा, इतक्या उंचावरून देऊ नका.

ती सतरा दिवसांनी येईल आणि दारात "आई" म्हणून हाक मारेल. माझी आई म्हणते, त्याआधी तिला सांगा. सांगायला तुमच्याकडे त्या पानाशिवाय दुसरं काही नाही.

पेर्सी

*

मोकेग्वा, रविवार, १० ऑगस्ट

निदिया,

हे तुझा बाप लिहितोय. घरी कागदावर लिहून घेतो, उद्या सकाळी क्लोरिंदाबाईंच्या दुकानात बसून या पानावर टाइप करीन. तुझा पत्ता नाही, म्हणून चारचौघांत लिहावं लागतंय. बाकीचे जे कोणी हे उघडून बसले असतील त्यांनी आपापल्या कामाला जावं. इथे हसण्यासारखं काही नाही आणि खताची कुणाला गरज नाही.

तुझी आई नऊ मेला, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमारास गेली. स्वयंपाकघरात होती. डोकं दुखतंय म्हणाली आणि खुर्चीवर बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिला त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात, पण मी तिथे होतो आणि मलाही तसंच वाटलं. तिला कबरस्तानात माझ्या आईशेजारी ठेवलंय, तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी.

पंचवीस जुलैची नोंद तिची नाही. ती पेर्सीनं लिहिली. तिनं मला म्हातारा म्हटलं नाही. तू ओळखलं होतंस, पण तुला ते खरं हवं होतं. मीही ते चार वेळा वाचलं. बुटांचं मात्र खरं आहे.

फोन तू केला होतास हे आता कळलं. मी तिन्ही वेळा "बोला" म्हणालो होतो. चुकीचा नंबर लागला असं वाटलं.

तुला न कळवण्याचं कारण पत्ता नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते बारा जुलैपर्यंत खरं होतं. त्या दिवशी या नकाशावर आरीकाला ठिपका दिसला आणि तू आहेस हे मला कळलं. तेव्हापासून मी रोज जाऊन तो पाहिला. ती गेली असं लिहिलं तर तू या पानावर पुन्हा येणार नाहीस असं वाटलं, म्हणून लिहिलं नाही. पेर्सीला मी बरंच बोललो. त्यानं आठवडाभर तिच्या नावानं बोलायचं नाटक केलं. मी महिनाभर गप्प राहून तेच केलं. मला त्याच्याहून चांगलं समजायचं काही कारण नाही.

त्या माणसाबद्दल. माझ्या पणजोबांचा द्राक्षमळा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युद्धात चिलीच्या सैन्यानं जाळला, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलो आणि नऊ वर्षांपूर्वी दारात उभं राहून त्याला सांगितलं. त्याच्या हातात केकचा डबा होता. तो मी घेतला नाही. मळा जळला तेव्हा त्याचा आजाही जन्मला नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याचं नाव मला माहीत नाही. तुझ्या आईला माहीत असणार. तिनं इथे कुठे लिहिलेलं नाही, मी वाचत असेन या भीतीनं असेल. तिला वाटलं त्यापेक्षा मी कमी वाचत होतो.

आता तू येशील की नाही मला ठाऊक नाही. तिच्यासाठी येणार होतीस. ती नाही. पंचवीसला सकाळी अकराला चर्चमध्ये तिच्या नावानं प्रार्थना ठेवली आहे. त्याला आण. नाव त्याचं त्यालाच विचारीन.

फुलपाखरं कशी काढायची ते क्लोरिंदाबाईंनाही येत नाही. तेवढी सहन कर.

तुझ्या खोलीतल्या पलंगाच्या चादरी सकाळी धुतल्या. ऊन चांगलं आहे, वाळल्या असतील. त्या काढून आणतो आणि घड्या घालतो.

बाबा